चूलबंद आवतन

जमुनामावशीच्या तोंडाची चव माघात गेली, ती चैत्र लागला तरी परत आली नव्हती.

जीभ जागेवरच होती. तिच्यावरून रोज सकाळी आचलच्या न विंचरलेल्या केसांचा आणि आचलच्या बाबांच्या तंबाखूच्या खर्ऱ्याचा यथासांग उद्धार व्हायचा. पण आठ दिवस ताप येऊन गेला तेव्हापासून गूळ घ्या, मीठ घ्या, कडुनिंबाचा पाला घ्या, मावशीला सगळं एकच. "पेपरचा बोळा चावल्यावानी लागते वं," ती म्हणायची. वासही गेला होता. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. हळूहळू म्हणजे कोणत्या महिन्यात, ते काही त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं नाही.

दुसऱ्या कुणाचं असं झालं असतं तर फार तर वरणात मीठ जास्त पडलं असतं. मावशीचं मात्र सगळं दुकानच जिभेवर होतं. मावशी म्हणजे आचलच्या आईची, शालूची, मोठी बहीण. नवरा वारल्यावर ती यांच्याकडेच राहायला आली, पातूरच्या बाहेर लेण्यांकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या मळ्यात. मळ्यात आई-बाबा वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि झेंडू लावायचे. मावशी न लावलेलं आणायची. ओल्या वाफ्याच्या कडेची चिवळ, पाटाच्या काठची पाथरी, टेकडीवरची कुड्याची फुलं, निंबावरची गुळवेल, लेकरांना ऊन लागू नये म्हणून आंघोळीच्या पाण्यात टाकायची पळसफुलं. आठवड्यातून दोनदा एसटीनं अकोल्याला जाऊन ती जठारपेठेत एका दुकानाच्या पायरीशी टोपली मांडून बसायची आणि बायका तिची वाट पाहत उभ्या असायच्या. कारण मावशी प्रत्येक जुडीतलं एक पान आधी स्वतः चावायची, मगच जुडी बांधायची. चावलं म्हणजे शिक्का बसला.

आणि तिचं नाक! गल्लीतून चालता चालता सांगायची, "या घरी आज पिठलं हाय, आन् पाहुने आले दिसते, सातवी भाकर आत्ता तव्यावर पडली." आचलनं लहानपणी एकदा खिडकीतून डोकावून खरंच भाकरी मोजल्या होत्या. सात.

तर फाल्गुनात मावशीनं तशीच, चव कळत नसताना, चिवळ खुडून नेली. चिवळीत चिवळीसारखंच दिसणारं दुसरं काहीतरी आलं होतं. जिभेनं ओळखलं असतं, डोळ्यांना कळलं नाही. एका घरातल्या लेकरानं रात्रभर उलट्या काढल्या. लेकरू दुसऱ्या दिवशी खेळायला लागलं, पण मावशीनं घरी येऊन टोपली खुंटीला टांगली.

"मी आता इकत नाई."

"अवं बाई, एकदा झालं..." शालू म्हणाली.

"एकदाच होते. दुसऱ्यांदा लेकरू कोनाचं असन, काय सांगाव?"

त्या दिवसापासून मावशी ओसरीवर खांबाला टेकून बसायची आणि टेकडीकडे पाहायची. बाहेर पळस पेटला होता, मोहाची फुलं टपटप पडत होती, सगळं रान खायला बोलावत होतं, आणि मावशी खुर्चीवर बसवलेल्या पाहुण्यासारखी गप्प. आचलला ते मुळीच बघवत नव्हतं.

आचलबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. मागच्या वर्षीपर्यंत ती वर्गात स्वतःची हजेरीसुद्धा पुढच्या बाकावरच्या मुलीकडून द्यायची. यंदा नववीत, सव्वीस जानेवारीच्या कार्यक्रमाला सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीला कांजिण्या आल्या आणि मॅडमनी दिसेल त्या हातात माईक दिला. तो हात आचलचा होता. पहिलं वाक्य तिनं माईक उलटा धरून म्हटलं. दुसऱ्या वाक्याला तिला कळलं की आपला आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. तेव्हापासून तो आवाज बंद झालाच नाही. घरी सिलिंडर आलं तरी ती जाहीर करायची, "आता आपल्यासमोर येत आहेत, लाल साडी नेसून, सर्वांच्या लाडक्या..."

"चूप बस वं!" आई ओरडायची. बाबा मात्र टाळ्या वाजवायचे.

अशा मुलीनं ठरवलं की मावशीची जीभ आपण व्हायचं. रोज सकाळची शाळा सुटली की ती रानातून पाला आणायची, मावशीसमोर बसून चावायची.

"कसं लागते?"

"आंबट. म्हणजे तुरट. म्हणजे पाटीवरची पेन्सिल नाही का..."

"शाळेत काय पेन्सिली खातं का तू?"

आचल सगळं वहीत लिहून ठेवायची. तारीख, वेळ, जागा, चव. वहीत पानंही चिकटवलेली. विज्ञानाच्या मॅडम म्हणायच्या, जे दिसलं तेच लिहा, जे वाटलं ते लिहू नका. पंधरा दिवसांत वही अर्धी भरली, पण मावशीची टोपली खुंटीवरून उतरली नाही. दुसऱ्याच्या जिभेवर तिचा भरवसा बसेना, आणि ती असं तोंडावर सांगायचीही.

त्या शनिवारी दुपारी आई-मावशी दोघी बसून मेथी निवडत होत्या. विषय होता कुलदीपमामाचा. आईच्या भावानं अकोल्याला घर बांधलं होतं आणि वास्तूला यांना चूलबंद आवतन दिलं होतं. चूलबंद म्हणजे घरातल्या एकट्यादुकट्याला नाही, सगळ्या घराला. ज्या घराला ते मिळालं त्या घरची चूल त्या दिवशी पेटतच नाही, लहानथोर सगळे जेवायला बाहेर.

"त्यानं चूलबंद देल्लं, आपन जेवून आलो," आई म्हणाली. "आता आपल्याले बी त्याईले चूलबंद द्याच लागते. नाई तं लोकं काय म्हनतीन?"

"देनं आलंच," मावशी म्हणाली.

चूलबंद. आचलला शब्द भारी आवडला. माईकवर छान वाजेल असा शब्द.

"मावशे," ती मध्येच म्हणाली, "चव येण्याचं काहीच औषध नाही का रानात? एवढं सगळं आहे."

मावशीचा मेथीवरचा हात थांबला. आईनं तिच्याकडे पाहिलं, मग मान खाली घातली.

"एक हाय," मावशी म्हणाली. "लेण्याच्या मागच्या टेकडीवर, वरच्या खडकात. तिले नाव नाई. आमची माय तिले नुसती 'खडकातली' म्हने. मायनं एकदाच आनली होती, आमच्या आज्याची चव गेली तवा."

"आली मग चव?"

"आली. पन माय म्हने, ते खडकातली आपल्याच मनानं येते. आधल्या दिवशी सांजच्याले जाऊन तिले सांगा लागते."

सांगायची रीत अशी. हळदीत घोळलेले पाच तांदूळ बुडाशी ठेवायचे. कच्चा दोरा देठाला बांधायचा, एकच गाठ. आणि म्हणायचं, अमक्यासाठी उद्या सकाळी तुले न्याले येतो. मग सकाळी जाऊन बोटभर मुळी घ्यायची, बाकीची पुन्हा मातीत लावायची.

"येवढंच बोलजो," मावशीनं बोट उगारलं. "एक शब्द जास्त नाई. तुह्या तोंडाचं मले मोठं भेव वाटते."

"मावशे, मी काय वेडी आहे?" आचल म्हणाली, आणि तांदळाच्या डब्याकडे पळाली.

सोबतीला प्रतीक्षा आली. प्रतीक्षा तिच्या वर्गातली, पहिल्या तिनांत येणारी, मोबाइलमध्ये झाडं ओळखणारं ॲप असलेली मुलगी. दोघींनी सायकली लेण्यांपाशी लावल्या आणि मागची पायवाट धरली. ऊन उतरलं होतं. सागाची वाळली पानं पायाखाली पापडासारखी मोडत होती. वानरांची एक टोळी मोहाखाली बसून फुलं खात होती, आणि प्रतीक्षा म्हणाली की मोहाची फुलं आंबलेली असली तर माकडांना चढते. मग दोघी पाच मिनिटं थांबून एखादं वानर झिंगतं का ते पाहत राहिल्या. एकही झिंगलं नाही.

माती इथे लाल होती, मुरमाड. मळ्यातल्या काळ्या मातीची सवय असलेल्या आचलच्या पांढऱ्या बुटांना तिनं पहिल्या दहा पावलांतच रंगवून टाकलं.

वर खडकाची एक सरळ ओळ होती, घरापुढच्या ओट्यासारखी. तिच्या भेगेत ती होती. हातभर उंच, जाड पानांची, टोकाला बारीक पांढरी फुलं. तिच्या बाजूला आणखी पाच, एकीपेक्षा एक लहान. फोटोसाठी उंचीनुसार उभं करावं तशी.

प्रतीक्षानं मोबाइल धरला. ॲप बराच वेळ गोल गोल फिरलं. "ओळखू येत नाही म्हणते."

"नावच नाही तर ओळखेल कसं?"

"आचल," प्रतीक्षा म्हणाली, "कोणीतरी सैपाक करून राहिलं."

खरंच. तव्यावरून उतरवलेल्या ज्वारीच्या भाकरीचा वास. त्यात थोडा धूर, थोडी लसणाची फोडणी. दोघींच्या पोटात एकदम भूक उठली. आचल खडकावर चढून चारी बाजूंना पाहून आली. खाली लेणी, पलीकडे रस्ता, दूर पातूरची घरं. कुठेही धूर नव्हता.

"गुराखी असतील," आचल म्हणाली आणि कामाला लागली.

तिनं पाच तांदूळ बुडाशी ठेवले. दोरा बांधला. देठ इतका गुळगुळीत होता की एका गाठीनं दोरा सारखा घसरायचा, म्हणून तिनं बुटाच्या नाडीसारखी फुलाची गाठ मारली, दोन कान वर काढून. मग हात जोडले.

"जमुनामावशीसाठी, उद्या सकाळी तुले न्याले येतो."

झालं होतं. एवढंच होतं. पण समोर खडकाचा ओटा होता, संध्याकाळ सोनेरी होती, आवाज समोरच्या टेकडीवर आदळून परत येत होता, आणि ती सहा झाडं अगदी पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकांसारखी उभी होती. आचलनं मुठीचा माईक केला.

"आणि हो! उद्या दुपारी आमच्या घरी आपणा सर्वांस चूलबंद आवतन आहे! चिवळीचे फुनके आणि कढी! घरातलं लहानथोर कोणीही मागं राहू नये, आग्रहाची विनंती!"

प्रतीक्षा हसून हसून खाली बसली. आचलही हसली.

मग दोघींच्या एकदमच लक्षात आलं. वास थांबला होता. हळूहळू विरला नव्हता. चूल विझवून वर झाकण घालावं तसा थांबला होता.

"वारा फिरला," प्रतीक्षा म्हणाली.

वारा नव्हता. आचलनं तेवढं वहीत लिहिलं. शनिवार, सहा वाजून दहा मिनिटं, वारा नाही.

रविवारी उजाडता उजाडता त्या पुन्हा वर होत्या. आचलनं खुरपं मातीला लावलं आणि मुळी जवळजवळ आपणहून हातात आली, एसटीतून उतरणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्या बाईनं आपला हात पुढे करावा तशी. आचलनं बोटभर तुकडा कापून घेतला, झाड परत खड्ड्यात लावलं, माती दाबली. रीतीप्रमाणे. तांदूळ मात्र तिथे नव्हते, दोराही नव्हता.

"मुंग्यांनी नेले," ती म्हणाली.

"दोरा पण?" प्रतीक्षा बाजूला पाहत होती. "आणि ह्या?"

लहान पाच झाडं जागेवर नव्हती. भेगेत पाच खड्डे होते, काठ अगदी साफ. भोवती उडालेली माती नाही, तुटलेलं पान नाही.

"रानडुकरं."

"रानडुकरं येवढी नीटनेटकी कधीपासून झाली?"

आचलनं खुरपं उचललं. उतरताना तिनं एकदा मागे वळून पाहिलं. मोठं झाड ओट्यावर एकटं उभं होतं, सगळ्यांना पुढे पाठवून दार लावायला मागे थांबलेल्या बाईसारखं.

घरी मावशीनं मुळी सहाणेवर स्वतः उगाळली. मधात कालवली. सगळं घर भोवती उभं. मावशीनं बोट जिभेवर ठेवलं, डोळे मिटले.

"काय?" आचल.

"थांब."

सगळे थांबले. बाबांनी तर खर्राही तोंडातून थुंकून टाकला.

मावशीनं डोळे उघडले. "पेपर," ती म्हणाली. आणि उठून खुंटीवरची टोपली काढून शालूच्या हातात दिली. "कोंबड्याईले झाकाले होईन."

आचलचा आवाज सव्वीस जानेवारीनंतर पहिल्यांदाच बंद झाला. ती मागच्या अंगणात जाऊन चिवळ निवडत बसली. चिवळ निवडायला फार वेळ लागतो, बारीक पानं, मध्ये गवत, आणि मध्येच डोळ्यांतून पाणी आलं की काहीच दिसत नाही. पण फुनके करायचे होते. जाहीर केलेले. आईनं डाळ वाटली, चिवळ-लसूण-मिरची घालून मुठीनं लांबट गोळे वळले, चाळणीत वाफवले. ताकाची कढी उकळली. घरभर असा वास सुटला की आचलचं रडू आपसूक मागे राहिलं. प्रतीक्षा जेवायला थांबली होती.

"कोन आलं होतं?" बाबांनी मोरीतून हाक मारली.

कोणीच आलं नव्हतं. पण पाय धुवायची बादली रिकामी होती आणि मोरीभर लाल चिखल होता. मळ्यात सगळी माती काळी.

"माझे बूट असतील," आचल म्हणाली.

बूट दाराबाहेर होते. कोरडे.

ओसरीवर आईनं पळसाच्या पत्रावळी मांडल्या. पाहुणी होती ना, म्हणून. बाबांनी येऊन पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "शालू, वरात येऊन राहिली का?"

दोन ओळी होत्या. इकडे पाच, तिकडे सहा.

"अवं माय," आई आपल्याच हाताकडे पाहत म्हणाली. "हात थांबलाच नाई."

सगळे हसले. तिकडच्या सहा कोणी उचलल्या नाहीत, आळस म्हणून. जेवणं सुरू झाली. बाबांनी सांगितलेला बसमधल्या बोकडाचा किस्सा प्रतीक्षानं पहिल्यांदाच ऐकला, म्हणून तो पूर्ण सांगितला गेला. आई वाढत होती, फुनका, कढी, पुन्हा फुनका. ओसरीवर छान गार वाटत होतं. बाहेर चैत्राचं ऊन रणरणत होतं आणि ओसरीवर मोठ्या झाडाखाली बसल्यासारखी सावली. ओसरीला झाड नव्हतं.

"आई," आचल हळूच म्हणाली, "तिकडे काहून वाढलं?"

आईनं मागे पाहिलं. सहाही पत्रावळींवर फुनके होते. कढी होती. कडेला मीठ आणि कांद्याची फोडसुद्धा.

"वाढलं का मी?" आई म्हणाली. पळी तिच्या हातात होती.

कोणी काही बोलायच्या आत मावशी ओरडली.

"शाले!"

सगळे तिच्याकडे वळले. मावशीचा हात तोंडाशी थांबला होता. मिटल्या ओठांतून ती काहीतरी चघळत होती, हळू, फार हळू, जणू जिभेवर कोणी ओळखीचं भेटलं होतं.

"शाले, कढीत मीठ जास्त झालं!"

मग असा काही गलका उठला की रस्त्यावरून जाणारा मोटरसायकलवाला थांबून पाहू लागला. आचलनं मावशीला मिठी मारली, बाबांनी कढीवरची ताटली वाजवली, आई पदरानं डोळे पुसत म्हणाली, "झालं तं झालं, रोज खारट करतो!" मावशी एकेक घास घेत होती आणि नावं घेत होती. "लसून. हिरवी मिरची, लवंगी. चिवळ इहिरीजवळच्या वाफ्यातली, तिथं खारं पानी झिरपते. तूरडाय, थोडी चन्याची. ताक कालचं." तिनं गूळ मागवला. चिंच मागवली. कडुनिंबाचा पाला खाऊन तोंड वाकडं केलं आणि त्या वाकड्या तोंडानं लहान पोरीसारखी हसत सुटली. आचलनं धावत जाऊन कोंबड्यांवरची टोपली उचलून आणली, झटकली, आणि मुठीचा माईक करून जाहीर केलं की जठारपेठेच्या समस्त भगिनींनी पिशव्या तयार ठेवाव्यात.

मग सगळे पुन्हा पंगतीत बसायला आले.

तिकडच्या सहा पत्रावळी रिकाम्या होत्या.

सांडलेलं नव्हतं. ओरबाडलेलं नव्हतं. जेवून उठताना नीट माणसं दुमडतात तशा त्या अर्ध्यात दुमडलेल्या होत्या. प्रत्येकीमागे, जिथे माणूस मांडी घालून बसतो तिथे, चिमूटभर लाल मुरूम.

"मांजर," बाबा म्हणाले.

प्रतीक्षानं हातही धुतले नाहीत. "मी निघते," म्हणाली, आणि चप्पल हँडलला अडकवून अनवाणीच सायकल मारत गेली.

मावशी त्या पत्रावळींकडे बघत होती. चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, फक्त डोळ्यांतून निघून गेलं होतं.

"आचल, काल तिथं काय म्हनली तू?"

"सांगितलं तेच."

"तेवढंच?"

आचलनं सगळं सांगितलं. मुठीच्या माईकसकट. चूलबंद म्हणताना तिचा आवाज बारीक झाला. "मस्करी होती, मावशे."

मावशीनं एक दुमडलेली पत्रावळ उचलून पाहिली. मग आईला विचारलं, "शाले, पोटभर वाढलं होतं ना सर्व्याईले?"

"हो वं बाई. पन कोनाले?"

"मंग ठीक हाय," मावशी म्हणाली. "उपाशी तं नाई गेले."

जेवण जड झालं होतं. बाबा आंब्याखालच्या खाटेवर, आई आतल्या खोलीत, मावशी ओसरीवर, आचल आत दाराशी चटईवर. सगळे झोपले. मळ्यात दुपारी इतकं गाढ कोणी कधी झोपत नाही.

आचलला जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं. अंग हलकं वाटत होतं. सगळं आठवलं आणि हसू आलं: मावशीची चव आली! उद्या जठारपेठ! ती उठून बसली. घड्याळात सहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

चटईवर तिच्या पावलांशी तांदळाचे पाच दाणे होते. पिवळे.

उजव्या घोट्याला कच्चा दोरा होता. त्याला फुलाची गाठ. दोन कान वर काढलेली, बुटाच्या नाडीसारखी.

आतल्या खोलीत आई झोपेतून उठत होती. तिच्या पायालाही होता. बाहेर खाटेवरून बाबांचा पाय लोंबत होता आणि त्या पायालाही.

"आचल," आई स्वयंपाकघरातून म्हणाली, अजून अर्धवट झोपेत, "चहा ठेवतो म्हनलं तं हा गॅस काहून पेटून नाई राहिला? परवाच तं लावलं सिलिंडर."

लायटरची टिकटिक ऐकू येत होती. टिक. टिक. टिक.

आचल ओसरीवर आली. मावशी खांबाला धरून उभी होती, टेकडीकडे तोंड करून. दोरा तिच्याही पायाला होता, पण तिचं तिकडे लक्ष नव्हतं. दोन महिन्यांनी पहिल्यांदा तिच्या नाकपुड्या फुलल्या होत्या आणि चेहरा सुखानं उजळला होता.

"येऊन राहिला का तुले वास?" ती म्हणाली. "ज्वारीची भाकर. लसनाची फोडनी. किती दिवसानं वं!"

टेकडीवर धूर नव्हता. वास येत होता.

मावशीनं डोळे मिटून पुन्हा एकदा खोल श्वास घेतला, गल्लीतून चालताना घ्यायची तसा.

"चार जनाचा सैपाक हाय," ती म्हणाली. "तीन भाकरी झाल्या. चौथी आत्ता तव्यावर पडली."